लुंबिनीला सेवेला दोघं जाताय, तर पिशव्या दोन भरा

सप्रेम जयभीम भाऊ आणि ताई. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भाऊ ६४ चे, ताई ६१ च्या, भाऊ टेक्स्टाइलमधून रिटायर, ताई अंगणवाडीतून, दोघांची विपश्यनेची दहा दिवसांची दोन-दोन शिबिरं झालीयत आणि आता येत्या हिवाळ्यात तीन महिने नेपाळातल्या लुंबिनीच्या विपश्यना केंद्रात, म्हणजे धम्मजननीत, धम्मसेवा द्यायची, म्हणजे शिबिरांच्या कामात हातभार लावायची इच्छा आहे. परदेशात या वयात जमेल का, कागदं काय लागतात, तब्येतीचं काय, रुळायला किती दिवस जातात, असं विचारलंय. आणि शेवटी ताईंनी एक ओळ लिहिलीय की "आम्ही दोघं बरोबर असणार म्हणून काळजी नाही". मी त्या ओळीपासूनच सुरू करते, कारण माझ्या मते सगळी अडचण तिथंच आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेली बाई, आमचे हे यंत्रमागावर जॉबर होते, राहणार सोलापूरच. नेपाळात आम्ही दोघांनी आतापर्यंत सहा हिवाळे सेवा दिलीय, कधी महिना, कधी अडीच महिने. त्याच्या आधी इगतपुरीला आणि पुण्याजवळ मरकळला. तर ताई, तिथं तुम्ही दोघं बरोबर नसता ओ. एका गेटातून आत जाता, फॉर्म भरता, आणि भाऊ पुरुषांच्या बाजूला, तुम्ही बायकांच्या बाजूला. राहायचं वेगळं, जेवायची जागा वेगळी, हॉलमध्ये बसायची बाजू वेगळी. नवराबायको असले तरी नियम तोच. शिबिरार्थी म्हणून बसलात तेव्हा तुम्ही हे अनुभवलंय, पण तेव्हा मौन असतं, दहा दिवसांचा प्रश्न असतो, मन आपल्या आतच गुंतलेलं असतं. सेवेत डोळे उघडे असतात, आणि पलीकडच्या वाटेनं आपले हे हळूहळू पायऱ्या उतरताना दिसतात, स्वेटर घातलेला नसतो, आणि आपण हाक मारायची नसते. अडतीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदा होतं. कामाचं काही असलं तर व्यवस्थापकांना सांगून बोलता येतं, तेवढी मोकळीक आहे, पण "जेवलात का" हे काम नव्हे.

आमच्या पहिल्या वेळी मी काय केलं सांगते. एकच मोठी सूटकेस भरली. दोघांची औषधं एका डब्यात, दोघांची कागदं एका फाइलमध्ये, पैसे माझ्या पर्समध्ये. सोलापुरात आयुष्यभर तसंच चाललं होतं, ह्यांना "गोळी" म्हटलं की मी गोळी आणि पाणी हातात द्यायची. तिथं पोचलो ते शिबिराच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, गडबडीत ह्यांचे कपडे काढून दिले आणि सूटकेस माझ्याकडं राहिली. ह्यांनी दोन दिवस शुगरची गोळी घेतली नाही. मागायची कुणाकडं हे कळलं नाही म्हणून नव्हे, तर आपल्या कुठल्या गोळ्या, किती वाजता, नाव काय, हेच त्यांना माहीत नव्हतं, आणि ते सांगायला संकोच वाटला. तिसऱ्या दिवशी चक्कर आल्यावर व्यवस्थापक मुलानं विचारलं तेव्हा निरोप माझ्यापर्यंत आला. चूक सगळी आमची होती. त्या रात्री मला झोप लागली नाही, रडायलाही आलं. माझी माया म्हणून मी जे इतकी वर्षं करत होते त्यानं ह्यांना परकं गाव सोडा, स्वतःचं औषध घेण्याइतकंही उभं राहू दिलं नव्हतं, हे मला तिथं दिसलं.

म्हणून माझं पहिलं सांगणं, पिशव्या दोन भरा. दोन औषधाचे डबे, दोघांकडं आपापली डॉक्टरची चिठ्ठी, आपापली ओळखपत्रं, आपापले पैसे. ताई, एटीएमचा पिन तुम्हाला पाठ पाहिजे. भाऊ, तुमच्या गोळ्यांची नावं तुम्हाला म्हणता आली पाहिजेत आणि आपले दोन कपडे रोज हातानं धुवायची सवय आत्ता, घरी असतानाच लावा, निघायच्या आधी निदान महिनाभर. हे मी थट्टेनं म्हणत नाहीये, पुरुषमाणसं तिथं सगळ्यात जास्त अडतात ती यातच, ध्यानात नाही अडत.

आता कागदं. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळं आपल्या लोकांना तिथं राहता येतं, म्हणून म्हाताऱ्या माणसांसाठी हा परदेश त्यातल्या त्यात सोपा. पण एक गोष्ट नीट बघा. ६५ च्या वरच्यांना आधार, पॅन असं काहीतरी दाखवून जाता येतं, तुम्ही दोघंही ६५ च्या आत आहात, म्हणजे पासपोर्ट किंवा मतदान ओळखपत्र पाहिजेच, नुसत्या आधारवर विसंबू नका. ताईंच्या मतदान कार्डावर माहेरचं नाव आहे का सासरचं, ते आजच काढून बघा, आमच्या ओळखीतल्या एका बाईंचं तिथंच अडलं होतं. पासपोर्ट असेल तर फारच उत्तम.

पेन्शनचं विसरू नका. माझ्यासारख्या सरकारी पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये द्यावा लागतो, म्हणून आम्ही तो पहिल्या आठवड्यात देऊनच निघतो. भाऊंची ईपीएसची, म्हणजे पीएफ ऑफिसची पेन्शन असेल तर तो दाखला वर्षात कधीही देता येतो आणि दिल्यापासून बारा महिने चालतो, तेव्हा तारीख बघून निघायच्या आधी नवा करून टाका. हेल्थ पॉलिसी असेल तर ती भारताबाहेर चालते का ते एजंटला विचारून घ्या, बहुतेक साध्या पॉलिसी चालत नाहीत. मात्र घाबरण्यासारखं नाही, बॉर्डर जवळ आहे, बॉर्डरपलीकडच्या भैरहवा गावात हॉस्पिटलं आहेत, आणि मोठं काही झालंच तर अलीकडं गोरखपूरला एम्स आहे.

जायचं कसं, तर पुण्याहून गोरखपूरला रेल्वे आहे, गाडीतच सव्वा ते दीड दिवस जातो. कृपा करून त्याच दिवशी पुढं धावू नका. गोरखपूरला एक रात्र लॉजवर पडा, अंघोळ करा, झोपा, आणि सकाळी सोनौलीची बस धरा, तीनेक तास. सोनौलीला चालत बॉर्डर ओलांडायची, पलीकडं भैरहवा, तिथून लुंबिनी बावीसेक किलोमीटर. भैरहव्याला २०२२ पासून गौतम बुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ झालाय, पण सोलापूरकराला रेल्वेच परवडते. आणि जमलं तर नोव्हेंबरातच पोचा. डिसेंबरच्या मध्यापासून यूपीमध्ये असं धुकं पडतं की गाड्या आठ-आठ, दहा-दहा तास लेट होतात, या वयात प्लॅटफॉर्मवर थंडीत बसणं म्हणजे आजारपणाला आमंत्रण.

थंडीचं आपल्याला काहीच माहीत नसतं हो. आपल्याकडं उन्हाळा ४३-४४ चा आणि थंडी म्हणजे पहाटे एक चादर. लुंबिनी डोंगरात नाही, तराईत आहे, सपाट मुलूख, पण जानेवारीत चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, ओली थंडी असते, धुतलेले कपडे वाळत नाहीत, गुडघे बोलायला लागतात. सोलापुरी चादर जरूर न्या, खाली अंथरायला न्या, पण ती पांघरून भागणार नाही. थर्मल दोन-दोन, लोकरीचे मोजे, कानटोपी, आणि हॉलमध्ये अंगावर घ्यायला शाल. कपडे अंगभर, सैल, साधे. मच्छरदाणी तिथं मिळते, तरी विचारून घ्या, कारण पंचशील पाळायचं म्हणजे डास मारायचा नाही, आणि तराईत डास भरपूर. पहिल्या वर्षी माझा हात आपोआप उठायचा.

जेवण. सोलापुरातल्या माणसाला हे सगळ्यात जड जातं म्हणून थोडं लांबवते. नेपाळात दाल, भात, तरकारी. सकाळी भात, दुसऱ्या दिवशी परत भात. आपण ज्वारीवर वाढलेली माणसं, कडक भाकरी आणि शेंगाचटणी नसली तर जेवल्यासारखं वाटत नाही, पोट भरतं आणि तासाभरात रिकामं होतं. त्यात डायबेटिस असेल तर भाताचं प्रमाण सांभाळावं लागतं. फॉर्ममध्ये आजारांची माहिती विचारतात तिथं खरं आणि पूर्ण लिहा, आणि पोचल्यावर किचनमध्ये सांगून ठेवा की पोळी असेल त्या वेळी मला पोळी द्या. शिबिरार्थींना रात्रीचं जेवण नसतं हे तुम्हाला माहीतच आहे, पाचला चहा आणि फळं वगैरे, सेवकांसाठी केंद्राकेंद्रात थोडाफार फरक असतो, तेव्हा शुगरवाल्यांनी हे आधी बोलून घ्यायचं, सहन करत बसायचं नाही. चटणीची पुडी नेऊ का असं ताईंनी विचारलंय. घरून आणलेलं खाणं आपल्या खोलीत एकट्यानं खायचं नसतं. आम्ही एकदा दोन किलो चटणी नेली आणि शिबिर संपल्यावर, मौन सुटल्यानंतर, सगळ्या सेवकांच्या पंगतीत वाढली. भातावर तूप आणि शेंगाचटणी, नेपाळी मुलींनी दुसऱ्यांदा मागून घेतली. तशी न्या.

भाषेची काळजी सोडा. हिंदी तिथं सगळ्यांना कळते आणि पाट्या देवनागरीत, वाचता येतात. चार शब्द शिका, तातो पानी म्हणजे गरम पाणी, चिसो म्हणजे गार, बिस्तारै म्हणजे सावकाश, आणि वाढताना "पुग्यो" म्हटलं की बस झालं. तुमच्यापेक्षा मोठ्यांना दाइ, दिदी म्हणायचं, तुम्हाला मात्र बुवा आणि आमा म्हणतील. पहिल्यांदा एका पोरीनं मला आमा म्हटलं आणि माझी सून आठवली. घड्याळ पंधरा मिनिटं पुढं करायचं. सुट्टी शनिवारची असते, त्यामुळं बँकेचं, सिमकार्डचं काम शनिवारी काढू नका. आपला एक रुपया म्हणजे त्यांचे एक रुपया साठ पैसे, हा दर ठरलेला आहे. दुकानदार "आयसी का एनसी" असं विचारतो, आयसी म्हणजे आपले पैसे, एनसी म्हणजे त्यांचे, हे न कळल्यानं लोकं नेपाळी भावात भारतीय नोटा देऊन बसतात. शंभराच्या नोटा जवळ ठेवा.

तुमच्या प्रश्नात "धम्मप्रचार" असा शब्द आलाय, त्याबद्दल मनापासून सांगते, राग मानू नका. ही सेवा प्रचाराची नाही. गोयंका गुरुजींनी १९६९ साली ब्रह्मदेशातून येऊन भारतात ही विपश्यना शिकवायला सुरुवात केली तेव्हापासून हे असंच आहे, शिकवण्याचं काम आचार्यांचं, सेवकानं भाजी चिरायची, भांडी, हॉलमधली आसनं, घंटा, संडास-बाथरूम, आलेल्यांची नोंदणी. कुणाला बाबासाहेबांबद्दल सांगायला जायचं नाही, बुद्धाबद्दलही भाषण द्यायचं नाही. मला याचा त्रास झाला होता. बाबासाहेब नोव्हेंबर १९५६ मध्ये, धम्मदीक्षेनंतर महिन्याभरात, तब्येत इतकी खालावलेली असताना काठमांडूला बौद्ध परिषदेला गेले होते, त्या देशात आपण सेवेला आलोय आणि आपण काय करतोय तर फ्लॉवर चिरतोय, असं वाटायचं. पण बघा की, ब्रह्मदेश, थायलंड, युरोप, कुठून कुठून आलेली माणसं दहा दिवस तोंड न उघडता बसतात, ती बसू शकतात कारण कुणीतरी साडेसहाला नाष्टा वेळेवर मांडलेला असतो. मला तरी याच्याइतकं खरं काम आयुष्यात मिळालं नाही, आणि मी तीस वर्षं मुलं शिकवलीत.

सेवकांचा दिवस चारच्या घंटेच्या आधी सुरू होतो. आठ, अडीच आणि सहा या तीन सामूहिक साधनांना सेवकांनीही बसायचं असतं, काम कितीही असो, ते चुकवू नका. जी माणसं "आधी काम, मग साधना" म्हणतात ती आठव्या दिवशी चिडचिडी होतात, हे मी दर वर्षी बघते. रात्री नऊनंतर सगळे सेवक मैत्री भावनेला, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतायला बसतात. ती पाच-दहा मिनिटंच असतात, आणि दिवसभरात तेवढ्याच वेळी, हॉलच्या दुसऱ्या बाजूला, ह्यांचं डोकं मला दिसायचं, टक्कल आणि मफलर. तेवढं पुरायला लागलं तेव्हा मी रुळले असं समजा.

रुळायला किती दिवस, तर माझ्या अनुभवानं एक पूर्ण शिबिर, म्हणजे बारा दिवस, नुसतेच ओढाताणीत जातात. भाऊंना यात आणखी एक गोष्ट जड जाईल. तुम्ही कारखान्यात माणसं हाताळली, इथं तुमचा व्यवस्थापक सत्तावीस वर्षांचा पोरगा असेल आणि तो सांगेल की बादल्या तिकडं नका ठेवू, इकडं ठेवा. ह्यांना ते फार लागलं होतं. मला तर लागलंच, मी मुख्याध्यापिका होते, पहिल्या आठवड्यात मी एका मुलीला भाजी चिरायची पद्धत शिकवायला गेले तेव्हा तिनं अगदी नम्रपणे सांगितलं की आमा, इथं कमीत कमी बोलायचं असतं. ती बरोबर होती. मी गप्प बसले आणि तिच्यासारखी चिरली. त्या दिवसानंतर खांद्यावरचं काहीतरी उतरलं, कुणाला काही सांगायची जबाबदारीच नाही हे सुख आपल्या वयात कुठं मिळतं?

शारीरिक कामात लाज बाळगू नका. वाकता येत नाही, उभं राहता येत नाही, रात्री तीनदा लघवीला उठावं लागतं, हे आधी सांगितलं तर बसून करायचं काम आणि बाथरूमजवळची खोली मिळते. हॉलमध्ये खुर्ची मागायची, पाठीला टेकू मागायचा, तो दिला जातो.

तीन महिन्यांचं वचन मात्र आत्ता देऊ नका. आधी इथं मरकळला किंवा इगतपुरीला एक पूर्ण शिबिर दोघांनी सेवा द्या, तुमची ती अजून झालेली दिसत नाही. मग लुंबिनीला अर्ज करताना एका शिबिराच्या सेवेचा करा. ते झालं की एक शिबिर स्वतः बसा, आणि मग पुढच्या शिबिराचं दोघांनी वेगवेगळं ठरवा, वेगवेगळं म्हणते मी मुद्दाम. एकदा ह्यांना परतायचं होतं आणि मला थांबायचं होतं. हे एकटे गोरखपूरला गेले, एकटे रेल्वेत बसले, सोलापूरला येऊन स्वतः भात-आमटी करून खाल्ली, आणि मी आणखी एक शिबिर सेवा दिली. घरच्यांना वाटलं आमचं भांडण झालं. मुलांना आधीच सांगून ठेवा की फोन रोज लागणार नाही, शिबिरं चालू असताना सेवकांनीही फोन बाजूलाच ठेवायचा असतो, काही निकडीचं असेल तर ऑफिसच्या नंबरवर. नातवंडांची आठवण येतेच. जानेवारीत इथं गड्ड्याची यात्रा चालू असते आणि आपण तिकडं धुक्यात, तेव्हा येते.

आणि दोन शिबिरांच्या मधे जे एक-दोन दिवस मोकळे मिळतात ते झोपण्यात घालवू नका. दोघं मिळून मायादेवी मंदिराकडं चालत जा. अशोकस्तंभापाशी बसायला जागा आहे. सम्राट अशोक राज्याभिषेकाच्या विसाव्या वर्षी तिथं आला आणि खांबावर कोरून ठेवलं की इथं शाक्यमुनी बुद्ध जन्मले, म्हणून या गावाचा कर माफ आणि शेतसारा फक्त आठवा हिस्सा. ह्यांना ते फार आवडलं, की एवढा मोठा राजा आला आणि त्यानं गावातल्या शेतकऱ्याचा सारा कमी केला. हा खांब १८९६ साली परत सापडला, तोपर्यंत जागाच लोकांच्या विस्मरणात गेली होती. आम्ही तिथं बसून तीन तास बोललो. बारा दिवस न बोलल्यामुळं असेल, पण ह्यांनी त्या दिवशी मला गिरणीतल्या दिवसांच्या अशा गोष्टी सांगितल्या ज्या मी अडतीस वर्षांत ऐकल्या नव्हत्या, आणि मीही सांगितल्या. येताना त्यांनी स्वतःच पिशवीतून डबा काढला, गोळी घेतली, आणि मला विचारलं, तुझी बीपीची घेतलीस का.

मतदान कार्डाचं आणि हयातीच्या दाखल्याचं आधी उरका. मरकळची तारीख ठरली की कळवा, त्या शिबिराला आम्हीही असू शकतो.